साहेबांचा उन्हाळा

ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात मी रजा काढून सरड्याला वारा घालत बसलो होतो, असं आमच्या ऑफिसात अजून सांगितलं जातं. हे साफ खोटं आहे. एक तर तो सरडा नव्हता, न्यूट होता. आणि दुसरं म्हणजे वारा मी त्याला घालत नव्हतो, त्याच्या माठाला घालत होतो. लोकांनी खुशाल बदनामी करावी, पण तपशील तरी नीट ठेवावेत. तेव्हा काय घडलं ते एकदा मीच सांगून टाकतो.

न्यूट म्हणजे काय हे त्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळे माझं काही अडतही नव्हतं. माझा मेहुणा श्रीकांत लष्करात होता, दार्जिलिंगकडे. तो रजेवर आला तो हातात दुधाचा ॲल्युमिनियमचा कॅन घेऊन. तिकडचं काही खायचं आणलं असेल म्हणून माझ्या बायकोने, म्हणजे राधाने, हौसेने झाकण उघडलं. झाकण चुलीच्या दिशेला गेलं आणि राधा माझ्या दिशेला आली. कॅनमध्ये ओलं शेवाळ होतं आणि शेवाळात वीतभर लांबीचं एक काळपट तपकिरी जनावर बसलं होतं. पाठीवर दोन्ही बाजूंना नारिंगी गाठींच्या रांगा, चार आखूड पाय, चपटी शेपटी आणि सरकारी ऑफिसात सकाळपासून बसवून ठेवलेल्या माणसासारखा चेहरा.

"दाजी, भिऊ नका," श्रीकांत म्हणाला. "पाल नव्हे ही. बेडकाच्या नात्यातलं जनावर. तिकडं डबक्यात सापडतंय. बिचारं गरीब हाय, फक्त ऊन सोसत न्हाई त्याला. पाणी हाताला गार लागलं पाहिजे, बास."

"आणि हे कुणासाठी?" मी विचारलं.

"अप्पांसाठी," तो म्हणाला, आणि कॉटवर बसलेल्या आपल्या वडिलांच्या मांडीवर त्याने तो कॅन ठेवला.

अप्पा म्हणजे माझे सासरे, बाळाप्पा. वय अडुसष्ट. अळणावरजवळच्या एका खेड्यात एकटे राहायचे. सासूबाई आदल्या पावसाळ्यात गेल्या, आणि त्यानंतर अप्पा दोनदा विहिरीच्या वाटेवर चक्कर येऊन पडले. यांना एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण लेकीच्या घरी बापाने मुक्काम ठोकायचा नाही, ही आमच्याकडची रीत, आणि अप्पा रीतीचे पक्के. ते यायचे, दोन दिवस पाहुण्यासारखे ताठ बसायचे, राधाने वाढलेलं दुसऱ्यांदा घ्यायचे नाहीत आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर हजर. त्या खेपेलाही तो तिसराच दिवस होता.

श्रीकांत म्हणाला, "अप्पा, गावाकडं नेऊ नका याला. तिथं नळ न्हाई, बर्फ न्हाई, चार दिवसांत मरंल. हितं हुबळीत राहूनच सांभाळा. मी दिवाळीला येतो, तवा बगू."

अप्पांनी बराच वेळ कॅनमध्ये पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, मी काय तुमच्या घरात ऱ्हाईना. जनावराजवळ ऱ्हातोय. हे ध्येनात असू द्या."

"ध्यानात आहे," मी म्हणालो. माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांपैकी कुठली जनावराची आणि कुठली माझी, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्या दिवशी राधाने मला स्वयंपाकघराच्या दाराआड घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "अहो, हे जनावर जगलं पाहिजे. ते मेलं, तर त्याच दिवशीच्या बसने अप्पा गावाला जातील. आणि गावात ते पुन्हा पडले, तर आपल्याला निरोप मिळायलासुद्धा दोन दिवस लागतील." तिचे डोळे भरून आले होते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण तिने माझ्याकडे इतकं कळवळून काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी छातीठोकपणे हो म्हणालो. फेब्रुवारीत छातीठोकपणे हो म्हणायला काहीच लागत नाही. हुबळीतल्या आमच्या केशवापुरात तेव्हा सकाळी अजून स्वेटर घालावा लागत होता.

जनावराचं नाव अप्पांनीच ठेवलं: साहेब. तरुणपणी ते दांडेलीच्या जंगलातल्या एका बंगल्यावर पंखा ओढायला होते. तिथला इंग्रज साहेब म्हणे चैत्र लागला की टबात पाणी भरून गळ्यापर्यंत बसून राहायचा आणि सह्यासुद्धा टबातूनच करायचा. "ह्यो बी गोरगरिबागत घामानं भिजायचा न्हाई," अप्पा म्हणाले. "साहेबच ह्यो." काचेच्या मोठ्या बरणीत साहेबाची स्थापना झाली. अप्पा रोज मागच्या परसात खुरपं घेऊन गांडुळं शोधायचे आणि साहेबाला एकेक भरवताना त्याच्याशी बोलायचे. सासूबाई गेल्यापासून त्यांच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघत नव्हते, ते आता बरणीशी शेतीपाण्याच्या गप्पा मारू लागले. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडापुढे धरून ऐकत बसायचो, आणि मला बरं वाटायचं.

शिमगा झाला आणि उन्हाने डोळे वटारले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साहेबाने जेवण सोडलं. पाण्याच्या तळाशी राहायचं सोडून तो वर तरंगू लागला, अंगाची पातळ कातडी सुटून लोंबायला लागली आणि बरणीच्या काचेला पोट लावून तो बाहेर निघायची धडपड करू लागला. अप्पाही जेवेनात. राधा माझ्याकडे पाहू लागली.

आमच्या गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. सर्वांत आधी आले शेजारचे बाळाचार्य. हे गृहस्थ तार ऑफिसातून निवृत्त झालेले. उभा जन्म शब्द वाचवण्यात गेल्यामुळे आता साठलेले सगळे शब्द ते शेजाऱ्यांवर खर्च करत. साहेबाला पाल समजून ते उंबऱ्याच्या आत येत नसत, पण सल्ला उंबऱ्याबाहेरूनही देता येतो.

"गोपाळराव, निदान सरळ आहे," ते म्हणाले. "उष्णता झालीय. अंगात उष्णता मावेना की कातडी निघते. माझ्या तळपायांचं पाहा ना! तुम्ही त्याला गांडुळं घालता, गांडूळ उष्ण. मातीत राहतं, मातीतली वाफ त्याच्या पोटात. ते बंद करा आणि सब्जा सुरू करा."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून घरमालकीण नागुबाई उतरल्या. "सब्जानं काय व्हतंय?" त्या म्हणाल्या. "टाळूवर एरंडेल घाला की ओ! आमच्या पोरास्नी तसंच करत हुतो. आनि कांदा ठेवा उशाला."

साहेबाला टाळू नेमकी कुठे आणि उसं कुठल्या बाजूला, हे ठरेना, म्हणून एरंडेल बारगळलं. पण सब्जाला अप्पा, राधा, बाळाचार्य आणि नाइलाजाने नागुबाई या चौघांचंही मत पडलं. आता मी शिकलेला माणूस. मी म्हणायला हवं होतं की, बाबांनो, हा पित्त झालेला माणूस नव्हे. पण खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. उन्हाळ्यात माझी आई आम्हांला सब्जाच द्यायची. राधाने चांगला मूठभर सब्जा बरणीत टाकला. तासाभरात एकेक दाणा फुगून बुळबुळीत झाला, पाण्याची खीर झाली आणि साहेब दिसेनासा झाला. मी शर्टाच्या बाह्या वर करून कोपरापर्यंत हात घालून त्याला शोधला. तो सापडला तेव्हा त्याच्या अंगाला सब्जा चिकटला होता आणि त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून विसरता आलेली नाही.

मग मी ठरवलं की घरगुती उपाय पुरे. साहेबाला कॅनमध्ये घालून मी जनावरांच्या एका दवाखान्यात गेलो. तिथल्या कंपाउंडरने केसपेपर पुढे ओढला.

"जनावर कुठलं?"

"न्यूट."

"तसं जनावर न्हाई," तो म्हणाला. "हितं छापलेली पाच हाईत. गाय, म्हैस, शेळी, कुत्रं, कोंबडी. यातलं सांगा."

"यातलं नाही हो ते. बेडकाच्या..."

"बेडूक बी न्हाई छापलेला." त्याने कॅनमध्ये डोकावून पाहिलं, हाताने वजनाचा अंदाज घेतला आणि 'कोंबडी'पुढे खूण केली. "वजनानं हेच जवळचं येतंय. अंडी देती काय?"

"अहो, तो नर आहे!" मी म्हणालो. हे मला कसं माहीत, ते विचारू नका. पण साहेबाची बाजू कुणीतरी घ्यायला हवी होती. त्याने 'अंडी: बंद' असं लिहिलं. डॉक्टर आतल्या टेबलाशी म्हशींच्या गर्दीत बुडालेले. त्यांनी मान वर न करता केसपेपर वाचला, पाण्यातून द्यायची एक पूड लिहून दिली आणि खुराड्यातल्या इतर कोंबड्यांपासून वेगळी ठेवा असं बजावलं. पूड मी गटारात टाकली. दुसरी सूचना मात्र आम्ही तंतोतंत पाळली.

आता राहिला बर्फ. दुर्गदबैलच्या बाजारपेठेपुढे एक बर्फाचा कारखाना होता. तिथून भुशात घालून, गोणपाटात गुंडाळून मी चांगली दहा किलोंची लादी घेतली आणि सिटी बसमध्ये चढलो. कंडक्टरने गोणपाटाकडे पाहून माझ्यासकट लगेजचंही तिकीट फाडलं. बस भर दुपारची, रस्ता हातगाड्यांनी भरलेला, आणि मध्येच टायर बसला. पाऊण तासाने बस हलली तेव्हा माझ्या पायांपासून ड्रायव्हरपर्यंत पाणी गेलं होतं आणि पुढची बाई कुणाच्या लेकराने हे केलं म्हणून चौकशी करत होती. नेमका त्याच वेळी चेकर चढला.

"हे लगेजचं तिकीट. लगेज कुठं हाय?" त्याने विचारलं.

मी ओलं गोणपाट उचलून दाखवलं. "वितळलं."

"वितळलं म्हंजे? लगेज वितळतंय काय? मध्ये उतरवून कुणाला दिलासा?" मी वाकून त्याला बसभर पसरलेलं पाणी दाखवलं. त्यावर त्याने, बस ओली केल्याबद्दल काय करता येईल, हे पाहायला खिशातलं पुस्तक काढलं. मी वरच्या श्रेणीचा कारकून आहे, कायम नोकरीत आहे, हे मी त्याला सांगितलं. पँट गुडघ्यापासून खाली चिंब भिजलेली असताना या गोष्टी सांगू नयेत, कुणाचा विश्वास बसत नाही.

तरी गोणपाटाच्या घडीत नारळाएवढा एक खडा उरला होता. तो मी जपून घरी आणला आणि सगळ्यांच्या समोर बरणीत सोडला. साहेब क्षणभर तडफडला आणि मग लाकडासारखा ताठ झाला. पाय पसरलेले, शेपटी वाकडी. अप्पा उठले, आत गेले आणि दोरीवरचं आपलं धोतर काढून घडी घालू लागले. राधा भिंतीला टेकून खाली बसली. माझी पाचावर धारण बसली. मी बर्फ उपसला, बरणी उचलली, तशीच कॅनमध्ये उलटी केली आणि धारवाडची बस गाठली. तिथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचे प्रोफेसर पद्मनाभ असतात, असं बाळाचार्य म्हणाले होते. त्यांच्या अनेक सल्ल्यांपैकी हा एकच कामाचा निघाला.

प्रोफेसर जेवत होते. मी कॅन उघडला तशी ते पानावरून उठले. "जिवंत?" ते म्हणाले. "वीस वर्षं मी मुलांना हा फॉर्मॅलिनच्या बाटलीतला दाखवतोय हो! जिवंत कधी पाहिला नव्हता." आणि त्यांनी उष्टा हात मागे धरून कॅनकडे असं काही पाहिलं की मला माझा साहेब एकदम मोठा वाटू लागला. प्रवासात पाणी हळूहळू कोमट होऊन साहेबही हळूहळू हलायला लागला होता.

प्रोफेसरांनी मला समोर बसवून नीट समजावलं. या जनावराच्या अंगात स्वतःची ऊब नसते. जेवढं पाणी तापतं, तेवढंच तेही तापतं. बावीस अंशांपर्यंत मजेत, पंचविसाच्या पुढे हाल, तिशीला संपलं. आणि बर्फ थेट घालणं म्हणजे तापलेल्या काचेवर गार पाणी ओतणं. "उतरवायचं, पण सावकाश," ते म्हणाले. "मातीचा माठ घ्या. तळाला वाळू, दगड. बाहेरून ओलं गोणपाट आणि त्यावर सतत वारा. पाणी उडत राहिलं की गारवा आपोआप येतो. करा एवढं, जगेल." त्यांनी मला प्रयोगशाळेतला एक लांबलचक थर्मामीटर दिला आणि वर सांगितलं की दिवाळीला मेहुणे आले की त्यांना आधी इकडे पाठवा.

घरी येऊन मी हे सगळं अप्पांना सांगितलं. अप्पा ऐकत होते. माठ, ओलं गोणपाट, वारा इथपर्यंत आलो आणि अप्पा हसायला लागले. सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच ते असे हसले.

"एवढं सांगाया परपेसर लागतोय व्हय?" ते म्हणाले. "सात वर्षं मी दुसरं काय करत हुतो त्या बंगल्यावर? साहेब गार ठेवायचा, हेच की माझं काम!"

दुसऱ्या दिवसापासून घराचा ताबा अप्पांकडे गेला. मला त्यांनी दुर्गदबैलात वाळा आणायला पिटाळलं. खिडकीला वाळ्याचा पडदा लागला. मधल्या खोलीत, जिथे माझी खुर्ची होती, तिथे माठ आला आणि खुर्ची अंगणात गेली. दुपारी वीज हमखास जायची, त्यामुळे विजेच्या पंख्यावर अप्पांचा भरवसा नव्हता. त्यांनी बांबूला राधाच्या जुन्या साडीची जाड झालर शिवली, ती आढ्याला टांगली आणि तिची दोरी भिंतीतल्या खुंटीवरून आणून आपल्या पायाच्या अंगठ्याला बांधली. असे उताणे पडून ते दोरी ओढायचे, झालर माठावरून हलायची, ओलं गोणपाट गार पडायचं. बाहेर अडतीस असताना माठात साडेतेवीस! राधा दर दोन तासांनी थर्मामीटर पाहून आकडा मोठ्याने सांगायची आणि अप्पा "हां, आता बरोब्बर" म्हणायचे. चौथ्या दिवशी साहेबाने गांडूळ खाल्लं. बाळाचार्यांनी याचं श्रेय सब्जाला दिलं.

मे महिन्याच्या सुरुवातीला ऊन आणखी कडक झालं आणि अप्पांचा पाय सुजला. आता दोरी कोण ओढणार? राधाला स्वयंपाक, धुणं. मी सोमवार ते बुधवार अशी तीन दिवसांची रजा टाकली. कारण लिहिलं: 'घरी वडीलधाऱ्यांचे आजारपण.' यात शब्दही खोटा नव्हता. पण आमच्या साहेबांना, म्हणजे ऑफिसातल्या, माणुसकीचा उमाळा येईल हे मी धरलं नव्हतं. मंगळवारी दुपारी ते मोसंब्यांची पिशवी घेऊन, बरोबर दोन कारकून घेऊन, सासऱ्यांना भेटायला आले.

दार उघडंच होतं. त्यांना जे दिसलं ते असं. मी, वरच्या श्रेणीचा कारकून, बनियनवर जमिनीवर उताणा पडलेला. उजव्या अंगठ्याला दोरी. डोक्यावर साडी हलते आहे. आणि आजारी वडीलधारे कॉटवर पाय वर घेऊन, भाजलेल्या शेंगा सोलत, मला दरडावताहेत, "जोरानं वडा की जावईबापू! साहेब तापूलाय बगा!"

"छे छे, मी ठीक आहे," दारातून आमचे साहेब म्हणाले.

मी उठायला गेलो तर दोरीने मला पुन्हा खाली पाडलं. पुढच्या पाच मिनिटांत मी काय काय खुलासा केला ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की साहेब माठात वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी अप्पांना विचारलं, "हे सगळं तुम्ही केलंत?" अप्पांनी त्यांना जागेवर उभं राहून बंगला, टब, झालर, दोरीची चाल, सगळं सांगितलं. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला आपण काही शिकवतो आहोत, याचं त्यांना जराही दडपण नव्हतं. शेवटी त्यांनी दोरी साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती दहा मिनिटं ओढली, आणि ऑफिसात परत जाताना कारकुनांना म्हणाले की काम दिसतं तेवढं सोपं नाही. अर्थात ऑफिसात यातला एवढा भाग कुणी सांगत नाही.

त्याच आठवड्यात बुद्धपौर्णिमा आली. घरात बुद्धवंदनेला पाहुणे जमले होते, राधा खीर वाटत होती आणि थर्मामीटर बघायला कुणाला सवड नव्हती. गोणपाट वाळलं. मी पाहिलं तेव्हा माठात सत्तावीस होतं आणि साहेब नव्हता. पाहुण्यांसकट सगळे शोधू लागले. कॉटखाली, पिठाच्या डब्यामागे, चपलांत. अप्पा माठाशी उकिडवे बसून राहिले, रिकाम्या पाण्याकडे पाहत. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही. याचीच मला जास्त भीती वाटली.

तेवढ्यात न्हाणीतून बाळाचार्यांची हाक आली. ज्यांनी तीन महिने आमचा उंबरा ओलांडला नव्हता, ते पालीची भीती आणि बाकी सगळं विसरून न्हाणीत रांजणामागे गुडघ्यांवर बसले होते. "सापडला, सापडला! गार ओल शोधत इथे आलाय बिचारा," असं म्हणत त्यांनी आपलं उपरणं बादलीत बुडवलं, त्यात साहेबाला अलगद घेतलं आणि ओंजळीत धरून अप्पांकडे आणून दिलं. अप्पांनी त्यांना हात धरून खाली बसवलं आणि राधाला खीर आणायला सांगितली. आचार्यांनी दोन वाट्या खाल्ल्या. खीर उष्ण पडते, असं ते जाताना म्हणाले.

मग जून आला, हवा फिरली. एका संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन थर्मामीटर पाहिला. ना वारा, ना गोणपाट, आणि पाणी एकवीस! साहेबाने त्या दिवशी चार गांडुळं खाल्ली होती आणि तो दगडावर हातपाय पसरून बसला होता. जिंकलो आम्ही, असं मी राधाला ओरडून सांगणार होतो. तर राधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कॉटवर अप्पांची पिशवी बांधून ठेवलेली होती.

"साहेब बरा झाला," अप्पा म्हणाले. "आता गावाकडं बी हवा गार. तिथं बी ऱ्हातोय त्यो. उद्याच्या पयल्या बसनं निघतो, जावईबापू. लई दिवस झालं."

दोन महिने मी उन्हाशी झगडत होतो. भिजलो, सब्जात हात घातला, बनियनवर साहेबांच्या पाया पडायच्या बेतात आलो. आणि ऊन हरलं की अप्पा जातील, ही साधी गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. मला एकदम त्या घराचं कसं होईल ते दिसलं. माझी खुर्ची मधल्या खोलीत परत येईल आणि परसात खुरप्याचा आवाज येणार नाही. मला अप्पा हवे होते. राधासाठी हवे होतेच, पण मलाही हवे होते.

"उद्या जाता येणार नाही," मी म्हणालो.

"का बरं?"

"प्रोफेसर म्हणाले..." मी सुरुवात तर केली. पुढचं काही ठरवलं नव्हतं. "प्रोफेसर म्हणाले, आता याला थंडी बाधेल."

राधाने पदर तोंडावर धरला. अप्पांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"थंडी," ते म्हणाले. "ह्ये दार्जिलिंगचं जनावर."

"हो."

"शिरीकांत सांगत हुता, तिकडं डबक्याच्या कडंला बर्फ धरतोय."

"धरत असेल. पण ती तिकडची थंडी झाली. हुबळीची थंडी वेगळी. ती फार बाधते."

"असं परपेसर म्हणाले."

"हो."

"किती दिस जपावं लागंल?"

"शिमग्यापर्यंत तरी."

"आन् शिमग्यानंतर?"

"शिमग्यानंतर," मी म्हणालो, "पुन्हा ऊन लागेल."

माझे कान तापले होते. माठात घातले असते तर साहेब तिथेच संपला असता. मग अप्पांनी पिशवीची गाठ सोडली, धोतर काढून पुन्हा दोरीवर टाकलं आणि आत वळून हाक मारली, "राधा, जुनी गोधडी हाय काय गं एकादी? माठाला गुंडाळाया पायजे. ह्याला थंडी वाजती म्हणं."

राधाने जुनी नाही, नवीच गोधडी आणली. अप्पांनी एक टोक धरलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. "घट्ट धरा, जावईबापू," ते म्हणाले, आणि मी घट्ट धरलं.